दवंडी आणि दाखला

'जाहिरात' हा शब्द आज आपण विक्रीपुरता वापरत असलो, तरी त्याच्या पोटातला 'जाहीर' हा मूळचा अरबी शब्द 'प्रकट', 'उघड' एवढेच सांगतो. संगणकांची जाळी उभारणाऱ्या अभियंत्यांच्या बोलीत जाहिरात करणे ही क्रिया अद्याप या जुन्या अर्थाने नांदते आहे. 'अमुक ते अमुक पत्ते माझ्याकडे आहेत, त्यांच्यासाठी असलेला मजकूर माझ्या हवाली करा,' असे एक जाळे शेजारच्या जाळ्याला कळवते, तेव्हा ते आपल्या पत्त्यांची जाहिरात करते, असे हे लोक म्हणतात. मराठीत याला दवंडी म्हणणे अधिक नेमके ठरेल.

या उपमेला एक मर्यादा आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तीच मर्यादा आहे. गावात डफ वाजवून दिलेल्या दवंडीमागे चावडी असे. दवंडी खोटी निघाली तर जाब कोणाला विचारायचा, हे गावाला ठाऊक असे. इंटरनेटवरील दवंडीमागे मुळात चावडीच नव्हती. शेजाऱ्याने सांगितले ते खरे मानायचे आणि आपल्या पुढच्या शेजाऱ्याला सांगायचे, एवढ्यावर हा व्यवहार उभा राहिला. आज बँकांचे हिशेब, रुग्णालयांच्या नोंदी, विद्यापीठांचे निकाल क्लाउड नावाच्या भाड्याच्या संगणकांवर हलले आहेत, आणि तेथील पत्ते बाहेरच्या जगाला कळतात ते याच दवंडीने. गेल्या पाऊणशे नव्हे, पण पन्नासहून अधिक वर्षांत पत्त्याचे जागेशी असलेले नाते क्रमाक्रमाने सुटत गेले आणि पत्त्याचे अस्तित्व दवंडीवर येऊन ठेपले. दवंडीची शहानिशा करण्याची व्यवस्था मात्र फार उशिरा आणि अर्धीमुर्धी आली. हा प्रवास कसा घडला, ते पाहू.

१

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पहिला संदेश गेला आणि आर्पानेट हे जाळे सुरू झाले. प्रत्येक ठिकाणी 'आयएमपी' नावाचे एक मध्यस्थ यंत्र असे. कोणत्या आयएमपीच्या कोणत्या तोंडाला संगणक जोडला आहे, एवढाच त्या संगणकाचा पत्ता. पत्ता सांगितला की जागा सांगितली, असा तो सरळ मामला होता.

मार्ग शोधण्याची पद्धत मात्र पहिल्यापासूनच ऐकीव माहितीवर चाले. प्रत्येक आयएमपी, आपल्यापासून प्रत्येक ठिकाणी पोचायला किती वेळ लागेल याचा तक्ता बाळगी आणि सेकंदभराच्याही आत तो शेजाऱ्यांना पुन्हा पुन्हा कळवी. शेजाऱ्याचा अंदाज अधिक शेजाऱ्यापर्यंतचा वेळ, असा हिशेब करून ज्याचा मार्ग जवळचा त्याच्याकडे मजकूर सोपवला जाई. कोणाकडेही संपूर्ण नकाशा नव्हता. यंत्र बंद पडले, तार तुटली, तर तक्ते आपोआप बदलत. मार्ग असा परिस्थितीनुसार ठरतो म्हणून या पद्धतीला 'गतिमान' म्हणतात. माणसाने हाताने लिहून ठेवलेला मार्ग तो 'स्थिर'.

या पद्धतीतला धोका लवकरच दिसला. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात हार्वर्ड विद्यापीठातील आयएमपीची स्मृती बिघडली आणि त्याच्या तक्त्यात सर्वत्र शून्य उमटले. 'सर्व ठिकाणे माझ्यापासून शून्य अंतरावर आहेत,' अशी दवंडी त्याने दिली. शेजाऱ्यांनी ती खरी मानली, आणि देशभरातील मजकूर हार्वर्डकडे जाऊन तेथे गडप होऊ लागला. यंत्राच्या मनात खोट नव्हती. पण खोटे बोलणे आणि बिघडणे यांत ऐकणाऱ्याला फरक करता येत नाही, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

१९७९ साली आर्पानेटने पद्धत बदलली. आता प्रत्येक यंत्र फक्त स्वतःच्या शेजारच्या दुव्यांची स्थिती सांगे, पण ती सर्वांना सांगे, आणि त्यावरून प्रत्येक जण स्वतःचा नकाशा काढी. ऐकीव अंदाज कमी झाले, तरी विश्वास होताच. २७ ऑक्टोबर १९८० रोजी एका यंत्राच्या नावे फिरणाऱ्या स्थितिसंदेशाचे काही बिट वाटेत गळाले आणि एकाच संदेशाच्या तीन वेगळ्या क्रमांकांच्या प्रती झाल्या. क्रमांकांची तुलना वर्तुळाकार असल्याने पहिलीपेक्षा दुसरी नवी, दुसरीपेक्षा तिसरी नवी आणि तिसरीपेक्षा पुन्हा पहिली नवी ठरत राहिली. त्या तीन प्रती वाटण्यातच सारी यंत्रे गुंतली आणि जाळे काही तास ठप्प झाले. या घटनेचा चिकित्सक वृत्तांत बीबीएन कंपनीच्या एरिक रोझेन यांनी १९८१ साली लिहिला. तांत्रिक लेखनात अपयशाचे इतके प्रांजळ निवेदन विरळा आढळते.

२

याच रोझेन यांच्या नावावर १९८२ सालचे आणखी एक टिपण आहे. जाळी वाढत होती. प्रत्येक संस्थेची यंत्रे वेगळी, ती सांभाळणारी माणसे वेगळी. साऱ्यांनी एकच पद्धत चालवावी आणि एकाच्या बिघाडाने सर्वांनी कोसळावे, हे यापुढे परवडणारे नव्हते. म्हणून रोझेन यांनी 'स्वायत्त व्यवस्था' ही कल्पना मांडली. एका प्रशासनाखालचा यंत्रसमूह म्हणजे एक स्वायत्त व्यवस्था. तिने आपल्या सीमेच्या आत काय करावे, हा तिचा प्रश्न. सीमेवर उभे राहून तिने शेजाऱ्याला एवढेच सांगावे, की माझ्यामार्फत कोणकोणती जाळी गाठता येतात. राजकारणातली सार्वभौमत्वाची कल्पना तंत्रज्ञानात आली ती येथे. पुढे प्रत्येक व्यवस्थेला क्रमांक मिळाला आणि तो क्रमांक म्हणजेच तिचे नाव झाले.

रोझेन यांच्या पद्धतीला एक मध्यवर्ती गाभा गृहीत होता. बाकीची जाळी त्याला फांद्यांसारखी जोडलेली असावीत, अशी तिची अपेक्षा होती. फांद्या एकमेकींत गुंतल्या, की मजकूर गोल गोल फिरू लागे. १९८६ नंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचे जाळे उभे राहिले आणि फांद्या गुंतणे अटळ झाले. जानेवारी १९८९ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे अभियंत्यांची बैठक भरली असता सिस्को कंपनीचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्तर यांनी जेवणाच्या टेबलावर कागदी रुमालांवर नव्या पद्धतीचा आराखडा काढला. रुमाल दोन होते की तीन, याविषयी सांगणाऱ्यांत एकमत नाही. जूनमध्ये तो आराखडा टिपणाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. त्याचे नाव बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, संक्षेपाने बीजीपी.

कल्पना साधी होती. दवंडी पुढे देताना प्रत्येक व्यवस्थेने तिच्यावर आपला क्रमांक चढवायचा. त्यामुळे 'हे पत्ते अमक्याकडे आहेत' या वाक्यासोबत 'ही बातमी अमक्याकडून तमक्याकडे आणि त्याच्याकडून माझ्याकडे आली' अशी परंपराही प्रवास करते. त्या परंपरेत स्वतःचाच क्रमांक दिसला, तर बातमी फिरून आपल्याकडेच आली हे ओळखायचे आणि ती टाकून द्यायची. लीळाचरित्राच्या अभ्यासकांना हे ओळखीचे वाटेल. कोणती लीळा कोणाच्या स्मरणातून आली आणि कोणाच्या स्मरणात तिचा पाठ वेगळा होता, याची नोंद महानुभावांनीही जपली होती. मात्र तेथे सांगणाऱ्याच्या शब्दाला पंथाची साक्ष होती. बीजीपीत साक्षीची सोयच ठेवलेली नव्हती. सांगणारा खरोखरच त्या पत्त्यांचा धनी आहे काय, हे विचारण्याची जागा त्या रुमालांवर नव्हती.

याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळी हे काम करणारी माणसे एकमेकांना नावानिशी ओळखत. चूक झाली, तर दूरध्वनी करून ती सुधारता येई. तातडीचा प्रश्न वाढत्या जाळ्याला मार्ग सापडण्याचा होता आणि तो त्यांनी सोडवला. ओळखीचा परीघ ओलांडून जाळे एवढे पसरेल, हे त्यांच्या हिशेबात नव्हते. काही काळापुरता काढलेला तो तोडगा आवृत्त्या बदलत १९९४ साली चौथ्या आवृत्तीवर आला, आणि ती चौथीच आवृत्ती, २००६ सालच्या सुधारित मसुद्यानिशी, आजही चालू आहे.

३

चौथ्या आवृत्तीने एक महत्त्वाची गोष्ट आणली. एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. पूर्वी ते ठरावीक आकाराच्या गठ्ठ्यांत वाटले जात आणि त्यात फार नासाडी होई. १९९३ पासून गठ्ठा हव्या त्या आकाराचा करण्याची मुभा मिळाली. अनेक लहान गठ्ठ्यांची मिळून एकच मोठी दवंडी देता येऊ लागली. मग एकाच पत्त्याविषयी दोन दवंड्या आल्या, एक मोठ्या गठ्ठ्याची आणि एक त्यातल्याच लहान गठ्ठ्याची, तर कोणती मानायची? उत्तर असे ठरले, की जी अधिक नेमकी ती मानायची. जिल्ह्याचे नाव सांगणाऱ्यापेक्षा गल्लीचे नाव सांगणारा अधिक जाणकार, हा व्यवहारातलाच न्याय झाला. पण जो अधिक बारीक खोटे बोलेल त्याचे सर्वत्र चालेल, अशी त्याची दुसरी बाजूही होती.

२५ एप्रिल १९९७ रोजी ती दिसली. क्रमांक ७००७ च्या व्यवस्थेतील एका राऊटरने जगभरातले मार्ग बारीक तुकडे करून स्वतःच्या नावाने जाहीर केले. मूळ परंपरा पुसली गेली होती, त्यामुळे ते सारे पत्ते ७००७ चेच आहेत, असे दिसू लागले. अधिक नेमके म्हणून ते सर्वत्र स्वीकारले गेले. राऊटरची तार काढली, तरी आधी पसरलेल्या दवंड्या बराच काळ इकडून तिकडे फिरत राहिल्या.

२४ फेब्रुवारी २००८ ची घटना अधिक बोलकी आहे. पाकिस्तानात यूट्यूबवर बंदी घालण्याचा आदेश निघाला. तो पाळण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या १०२४ पत्त्यांपैकी २५६ पत्त्यांचा मार्ग स्वतःकडे वळवला. ही दवंडी देशाच्या आतच राहायची होती. ती हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीकडे पोचली, त्या कंपनीने ती न तपासता पुढे दिली आणि यूट्यूब जगाच्या मोठ्या भागातून दोनेक तास नाहीसे झाले. यूट्यूबने आधी तेवढ्याच २५६ पत्त्यांची आणि मग १२८-१२८ च्या दोन तुकड्यांची दवंडी देऊन आपले पत्ते परत मिळवले. आपलेच घर परत मिळवण्यासाठी धन्याला तोतयापेक्षा मोठ्याने, किंबहुना अधिक बारकाईने, ओरडावे लागले. एका सरकारचा हुकूम त्याच्या सरहद्दीबाहेर कसा गेला, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. ते या पद्धतीच्या इतिहासात आहे.

४

दरम्यान पत्त्यांच्या टंचाईतून आणखी एक वळण आले. फेब्रुवारी १९९६ मध्ये काही पत्ते 'खाजगी' म्हणून निश्चित करण्यात आले. ते कोणीही आपल्या आवारात वापरावेत, मात्र सार्वजनिक जाळ्यात त्यांची दवंडी देऊ नये, असा संकेत ठरला. त्यातला सर्वांत मोठा संच १० या आकड्याने सुरू होतो आणि त्यात १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते आहेत. हा १० क्रमांक पूर्वी खुद्द आर्पानेटचा होता. १९९० साली आर्पानेट बंद झाले आणि क्रमांक मोकळा झाला. ज्या आकड्याने एके काळी जगातले एकच जाळे ओळखले जाई, तो आता घरोघरचा आणि म्हणून कोणाचाच नाही, असा झाला.

क्लाउडची इमारत या बेवारस आकड्यावर उभी आहे. ॲमेझॉनने २००६ साली तासाच्या हिशेबाने संगणक भाड्याने देण्यास सुरुवात केली आणि ऑगस्ट २००९ मध्ये 'आभासी खाजगी जाळे' देऊ केले. ग्राहकाने आपल्या पसंतीचा पत्त्यांचा संच निवडायचा, उदाहरणार्थ १०.०.०.०/१६ म्हणजे ६५,५३६ पत्ते. शेजारच्या ग्राहकाने नेमका तोच संच निवडला तरी बिघडत नाही. दोघांचे संगणक कदाचित एकाच यंत्रावर चालत असतील. कोणत्या ग्राहकाचा कोणता पत्ता या क्षणी कोणत्या यंत्रावर आहे, याची वही पुरवठादार ठेवतो आणि प्रत्येक पॅकेट दुसऱ्या पाकिटात घालून योग्य यंत्राकडे नेतो. एकच पत्ता एकाच वेळी हजारो ठिकाणी आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यातला एकही दिसत नाही. १९६९ साली पत्ता म्हणजे जागा होती. येथे पत्ता म्हणजे वहीतली एक ओळ झाली.

मग पुण्यातल्या कचेरीतील संगणकाला क्लाउडमधल्या १०.०.५.७ शी बोलायचे असेल, तर वाट कोण दाखवणार? नव्या जगाने येथे जुन्याच वाटाड्याला बोलावले. कचेरीचा राऊटर आणि पुरवठादाराचा राऊटर यांच्यात एक बंदिस्त वाट काढतात आणि तिच्यावर बीजीपीचे संभाषण सुरू करतात. क्लाउडकडून दवंडी येते, की १०.०.०.०/१६ माझ्याकडे आहे. कचेरीकडून जाते, की १९२.१६८.१०.०/२४ माझ्याकडे आहे. सार्वजनिक क्रमांक घेण्याची गरज नसते. ६४,५१२ पासून पुढचे काही क्रमांक अशा खाजगी वापरासाठी राखीव आहेत. ठरावीक सेकंदांनी दोघे एकमेकांना 'आहे' म्हणतात. ठरलेल्या मुदतीत हा हुंकार आला नाही, तर शेजारी गेला असे समजून त्याचे सारे मार्ग पुसतात आणि दुसरी वाट असल्यास तिकडे वळतात. ॲमेझॉनच्या त्या पहिल्या सेवेत कचेरीला जोडून घ्यायचे तर बीजीपी अपरिहार्यच होते. हाताने लिहिलेल्या स्थिर मार्गांची सोय नंतर आली.

कचेरीच्या दोन वाटा असतील आणि एक राखीव ठेवायची असेल, तर राखीव वाटेवरच्या दवंडीत आपलाच क्रमांक तीन-चारदा लिहितात. परंपरा लांबलेली दिसली, की समोरचा ती वाट दूरची समजून टाळतो. आपण दूर आहोत असे भासवण्यासाठी स्वतःचेच नाव पुन्हा पुन्हा घेण्याची ही रीत जगभर शिष्टसंमत आहे.

जुन्या वाटाड्यासोबत जुने धोकेही आले. कचेरीतल्या एखाद्याने 'सारे जग माझ्यामार्फत गाठता येते' अशी सर्वसमावेशक दवंडी चुकून क्लाउडला दिली, तर तेथल्या संगणकांचा बाहेर जाणारा सारा मजकूर त्या कचेरीच्या अरुंद वाटेवर येऊन कोंडतो. हार्वर्डच्या शून्यांचाच हा धाकटा भाऊ म्हणावा. दोन कंपन्यांचे विलीनीकरण होते आणि दोघींनीही आपल्या क्लाउडसाठी १०.०.०.०/१६ च निवडलेले असते. एकाच पत्त्याचे दोन धनी एका छपराखाली येतात आणि मग मधे दुभाष्या बसवून पत्ते बदलून घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पुरवठादारांनी मात्र यावर एक व्यवहारी उपाय केला. विश्वासाला त्यांनी मोजमाप लावले. ग्राहकाची दवंडी त्याच्याच आभासी जाळ्यापुरती राहते, आणि मार्गांची संख्याही बांधलेली असते. ॲमेझॉनच्या खाजगी जोडणीवर दीर्घकाळ शंभर मार्गांची मर्यादा राहिली आहे. ती ओलांडली की संभाषणच तुटते. १९८९ सालच्या रुमालांवर जी चावडी नव्हती, ती येथे करारपत्राच्या रूपाने आली. ती चावडी खाजगी आहे आणि तिचा कारभार पुरवठादाराकडे आहे, एवढे लक्षात ठेवायचे.

५

सार्वजनिक जाळ्यात अशी चावडी उभारण्याचे काम अधिक अवघड होते. २०१२ साली त्याचा पाया घातला गेला. पत्ते वाटणाऱ्या संस्थांनीच सहीशिक्क्याचा दाखला द्यायचा, की अमुक पत्त्यांची दवंडी देण्याचा हक्क अमुक क्रमांकाच्या व्यवस्थेस आहे. दवंडी आली की दाखल्याशी ताडून पाहायची, आणि विसंगत असेल तर टाकून द्यायची. हा दाखला घेण्याची किंवा पाहण्याची सक्ती कोणावरच नव्हती, म्हणून प्रगती संथ राहिली.

२४ एप्रिल २०१८ रोजी तिची किंमत कळली. अमेरिकेतील एका लहान जाळ्यातून ॲमेझॉनच्या नाव-नोंदणी सेवेच्या पत्त्यांची अधिक नेमकी दवंडी सुमारे दोन तास दिली गेली. आभासी चलनाचे मायइथरवॉलेट हे संकेतस्थळ शोधणारे लोक त्यामुळे तोतया स्थळावर पोचले, आणि ब्राउझरची सूचना दुर्लक्षून ज्यांनी पुढे पाऊल टाकले त्यांचे सुमारे दीड लाख डॉलर गेले. क्लाउडच्या आतली कुलपे शाबूत होती. चोराने कुलूप फोडलेच नाही, रस्त्यावरची पाटी फिरवली.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी उलटा प्रकार घडला. फेसबुकमध्ये देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने त्या कंपनीची डेटा-केंद्रे जोडणारे अंतर्गत जाळे तुटले. नावांची उत्तरे देणाऱ्या तिच्या संगणकांना घालून दिलेला नियम असा, की डेटा-केंद्रांशी संपर्क तुटला तर आपण अस्वस्थ आहोत असे समजावे आणि आपली दवंडी मागे घ्यावी. त्यांनी ती घेतली. यंत्रे चालू होती, इमारती जागेवर होत्या, तरी सुमारे सहा तास फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगाच्या दृष्टीने नव्हते. नाव-नोंदणीची जाहिरात थांबली, तेव्हा अब्जावधींच्या ओळखीचा पत्ताही कोणाला सापडेना.

या घटनांनंतर दाखल्यांचा प्रसार वाढला. आज जगाच्या तक्त्यात सुमारे दहा लाख मार्ग आहेत, आणि २०२४ साली त्यांतील निम्म्याहून अधिक मार्गांना दाखला मिळाला. ही मोठी मजल आहे, पण दाखला फक्त उगमाचा आहे. वाटेत कोणी परंपरा खोटी रचली, तर तो गप्प राहतो. संपूर्ण परंपरेवर सह्या घेण्याची पद्धत २०१७ साली मान्य झाली. व्यवहारात ती जवळपास आलेलीच नाही.

आपल्या संदर्भात या इतिहासाला एक वेगळी धार आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले, तेव्हा पत्ते आणि माहिती बहुतांशी परदेशी होती. २०१५ साली मायक्रोसॉफ्टची केंद्रे पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे आली, २०१६ साली ॲमेझॉनचे मुंबईत आले. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने देयक-व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिला. कायदा अजून जागेच्या भाषेत बोलतो, आणि त्याने तसेच बोलावे, कारण जबाबदारी कुठेतरी ठेवावी लागते. पण माहिती मुंबईच्या इमारतीत ठेवली, म्हणजे तिच्याकडे जाणारी वाट आपल्या ताब्यात आली असे होत नाही. वाट दवंडीने ठरते, आणि दवंडी कोणत्याही देशातून दिली जाऊ शकते. म्हणून आपल्या बँकांनी, विद्यापीठांनी आणि शासकीय कचेऱ्यांनी माहिती कोठे ठेवली, हे विचारताना आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत. आपल्या पत्त्यांचा दाखला काढला आहे काय? आणि ज्याच्याकडून इंटरनेट घेतले, तो इतरांच्या दवंड्या दाखल्याशी ताडून पाहतो काय? या प्रश्नांची उत्तरे तंत्रज्ञांकडे आहेत. ते विचारण्याची जबाबदारी मात्र ज्यांची माहिती त्या वाटेने जाते, त्या आपणा सर्वांची आहे.